उपयुक्ततावाद : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात तत्त्वज्ञानाच्या पदवी वर्गाला आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलामुलींना नीतिशास्त्र शिकवताना जे प्रश्न वर्षानुवर्षे परत परत आले, ते येथे एकत्र केले आहेत. काही प्रश्न तासाला विचारले गेले, पुष्कळसे नंतर फोनवर आले, तर काही पालकांनी विचारले. प्रश्नांची भाषा शक्यतो विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तर तेथील क्रमांक दिला आहे.

१. उपयुक्ततावाद म्हणजे नेमके काय? एका परिच्छेदात सांगा.

एखादी कृती, कायदा किंवा धोरण योग्य की अयोग्य हे त्याच्या परिणामांवरून ठरवावे; परिणाम म्हणजे ज्यांना ज्यांना त्याची झळ किंवा लाभ पोहोचतो त्या सर्वांच्या सुखदुःखात पडणारा फरक; आणि हा फरक मोजताना कोणाचेही सुख दुसऱ्या कोणाच्या तेवढ्याच सुखापेक्षा जास्त वजनाचे धरू नये, असे सांगणारी ही नीतिविषयक उपपत्ती आहे. समोरच्या पर्यायांपैकी ज्यामुळे सर्वांचे मिळून सुख जास्तीत जास्त होईल, तो पर्याय योग्य. विद्यार्थी यातला पहिला भाग पाठ करतात आणि शेवटचा विसरतात. मला मात्र या विचाराचा प्राण शेवटच्या भागातच दिसतो. मोठ्या अधिकाऱ्याची पाठदुखी आणि दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बाईची पाठदुखी, वेदना तेवढीच असेल तर, या हिशेबात तेवढ्याच वजनाची आहे. अठराव्या शतकातील समाजात हे म्हणणे साधे नव्हते आणि आजही ते आपल्या अंगवळणी पडलेले नाही.

२. ‘उपयुक्त’ म्हणजे कामाला येणारे. मग हा मतलबी माणसाचा विचार झाला ना?

नाही. हा गैरसमज शब्दामुळे होतो. येथे ‘उपयुक्तता’ म्हणजे सुख निर्माण करण्याची किंवा दुःख टाळण्याची क्षमता. ती कोणाच्या सुखाची, तर सर्वांच्या. फक्त स्वतःचा लाभ पाहणाऱ्या विचाराला स्वार्थवाद म्हणतात, आणि उपयुक्ततावाद त्याच्या अगदी विरुद्ध टोकाला आहे, कारण येथे कर्त्याला स्वतःचे सुखसुद्धा एका माणसाच्या सुखापेक्षा जास्त मोजण्याची मुभा नाही. काही पुस्तकांत ‘उपयोगितावाद’ असा शब्द आढळतो. अर्थ तोच आहे.

३. हा विचार कोणी मांडला? बेंथम आणि मिल यांच्यात फरक काय?

‘अधिकात अधिक लोकांचे अधिकात अधिक सुख’ या अर्थाचे शब्द फ्रान्सिस हचिसन यांनी १७२५ मध्येच वापरले होते, परंतु त्यांना रीतसर सिद्धांताचे रूप दिले ते जेरेमी बेंथम (१७४८–१८३२) यांनी. त्यांचा मुख्य ग्रंथ १७८० मध्ये छापून झाला होता आणि १७८९ मध्ये प्रसिद्ध झाला. बेंथम मूळचे कायद्याचे अभ्यासक होते, ही गोष्ट लक्षात ठेवावी. शिक्षा म्हणजे मुळात एक दुःखच आहे, त्यामुळे त्याहून मोठे दुःख टळत असेल तरच ती द्यावी, असा त्यांचा आग्रह होता, आणि त्या काळातील क्रूर शिक्षांवर त्यांनी याच मापाने टीका केली. मृत्यूनंतर स्वतःचे शरीर विच्छेदनासाठी द्यावे, म्हणजे ते वैद्यकाच्या अभ्यासाला उपयोगी पडेल, अशी व्यवस्था त्यांनी केली होती, आणि ती पाळली गेली.

जॉन स्टुअर्ट मिल (१८०६–१८७३) यांनी १८६१ मध्ये या सिद्धांताचा बचाव करताना सुखांमध्ये उच्च आणि कनिष्ठ असा गुणभेद आणला (प्रश्न ५ पाहा). पुढे हेन्री सिजविक यांनी १८७४ मध्ये त्याची सर्वांत काटेकोर मांडणी केली.

मिल यांच्याविषयी आणखी एक गोष्ट आपल्याकडे सांगितलीच पाहिजे. १८२३ ते १८५८ अशी पस्तीस वर्षे ते ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत नोकरीला होते, आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा जोरदार पुरस्कार करणाऱ्या १८५९ च्या त्यांच्या पुस्तकात, ज्या समाजांना ते ‘रानटी’ म्हणतात त्यांच्यावर, त्यांची सुधारणा हा हेतू असेल तर, एकाधिकारशाही चालवणे योग्य ठरते, असेही लिहिलेले आहे. ज्या गावाने १९३० चा मार्शल लॉ सोसला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना फासावर गेलेले पाहिले, त्या गावात हे वाक्य नुसते वाचून पुढे जाता येत नाही. सिद्धांत चुकीचा असल्याचे यावरून सिद्ध होत नाही. परंतु ज्यांच्या सुखाचा हिशेब करायचा त्यांना न विचारता तो दुसऱ्यानेच लिहिला, तर काय होते, ते यावरून समजते. हा धागा प्रश्न १० आणि १४ मध्ये पुन्हा येईल.

४. सुख काही किलोवर मोजता येत नाही. मग हिशेब करायचा कसा?

बेंथम यांनी सुखदुःख मोजण्याची सात अंगे सांगितली: तीव्रता, कालावधी, निश्चितता, समीपता, त्यातून पुढे तशीच आणखी सुखे निघण्याचा संभव, त्यामागून दुःख न येण्याची शुद्धता, आणि किती जणांना ते पोहोचते ती व्याप्ती. हे पाठ करण्यापेक्षा लावून पाहिले की समजते, म्हणून आपल्या पूर्व भागातील रात्रपाळीच्या यंत्रमागांचे उदाहरण घेऊ.

माझे बालपण अशा मागांच्या आवाजातच गेले. भिंतीला पाठ टेकली की खटखट पाठीतून जाणवत असे आणि उशाशी ठेवलेल्या तांब्यातील पाण्यावर बारीक लहरी दिसत. आता हिशेब मांडा. शेजाऱ्यांचा त्रास मध्यम तीव्रतेचा, पण रोजचा आणि निश्चित आहे. परीक्षेला बसलेल्या मुलाची झोप मोडली तर त्यातून पुढची दुःखे निघतात. दुसऱ्या बाजूला विणकराची मजुरी आहे, तिच्यावर चाललेले घर आहे, मुलांची फी आहे, म्हणजे हे सुखही पुढे सुखच निर्माण करणारे आहे. रात्रपाळी बंद केली तर शंभर घरांना झोप मिळेल आणि दहा घरांची चूल मंदावेल. येथे फक्त व्याप्ती पाहणारा शंभराच्या बाजूने निकाल देईल. तीव्रता आणि निश्चितता पाहणारा थांबून विचार करील आणि कदाचित मागांखाली रबराचे पॅड बसवण्याचा किंवा पाळीची वेळ बदलण्याचा तिसरा पर्याय शोधील. प्रत्येक निर्णयापूर्वी हा हिशेब काटेकोरपणे केला जाईल अशी अपेक्षा नाही, असे स्वतः बेंथम यांनीच म्हटले आहे. बेरजेचे उत्तर अचूक येत नसले तरी काय काय विचारात घ्यायचे राहून गेले, हे ती अंगे दाखवून देतात.

याहून अवघड शंका दोन आहेत. पहिली, माझे दुःख आणि तुमचे दुःख एका मापाने मोजताच येत नाही. अर्थशास्त्रज्ञ लायोनेल रॉबिन्स यांनी १९३२ मध्ये हा आक्षेप ठामपणे मांडला. यावर उत्तर असे की काटेकोर माप नसले तरी तुलना आपण रोज करतो. डोक्यावर घागर घेतलेल्या बाईला आपण वाट देतो, ती काही मोजपट्टी पाहून नव्हे. दुसरी शंका मला अधिक गंभीर वाटते. माणूस दुःखाला सरावतो. रात्री लाइट गेली की माग थांबत आणि त्या शांततेनेच आम्हाला जाग येत असे, इतका तो आवाज अंगात भिनला होता. तेव्हा कोणी विचारले असते तर त्रास नाही, असेच आम्ही सांगितले असते. अमर्त्य सेन यांनी नेमका हाच मुद्दा मांडला आहे की पिढ्यान्‌पिढ्या वंचित राहिलेला माणूस थोडक्यात समाधानी दिसतो, आणि त्याचे समाधान हेच माप धरले तर त्याच्यावरील अन्याय हिशेबातून गळून जातो.

५. पुरणपोळी खाण्याचे सुख आणि अभंग ऐकण्याचे सुख सारखेच का?

बेंथम यांच्या मते सुखाचे प्रमाण तेवढेच असेल तर दोन्ही सारखीच. मिल यांना हे मान्य नव्हते. ज्याने दोन्ही प्रकारची सुखे जाणून घेतली आहेत तो ज्याला पसंती देईल ते सुख उच्च, असा त्यांचा निकष आहे, आणि समाधानी डुकरापेक्षा असमाधानी माणूस बरा, हे त्यांचे मत त्यातूनच आले. निकष आकर्षक आहे, पण दोन्ही सुखे जाणणारे लोकही एकमताने बोलत नाहीत, आणि गुण व प्रमाण यांची एकत्र बेरीज कशी करायची हे मिल सांगत नाहीत. नंतरच्या पुष्कळ विचारवंतांनी सुखाऐवजी माणसाच्या इच्छांची पूर्ती हेच माप धरले. त्याने ही अडचण कमी होते, पण वर सांगितलेला सरावाचा प्रश्न तसाच राहतो.

६. ‘पुष्कळांचे सुख’ म्हणजे शेवटी बहुमतच ना?

नाही, आणि परीक्षेत ही चूक सर्वाधिक होते. बहुमतात डोकी मोजतात. येथे सुखदुःखाचे वजन मोजतात. मिरवणुकीत डीजेच्या भिंती लागतात तेव्हा नाचणारे हजार आणि त्या रस्त्यावर राहणारे हृदयरोगी दोन असतील, तर मतदानात हजार जिंकतील. उपयुक्ततावादी मात्र विचारील की आवाज निम्मा केला तर हजारांचे सुख कितीसे घटते आणि त्या दोघांच्या छातीवरचे किती उतरते. निर्णय बहुधा दोघांच्या बाजूने लागेल.

बेंथम यांनाही या शब्दप्रयोगातील धोका जाणवला होता. अल्पसंख्यांना दुःखात लोटून बहुसंख्यांचे सुख वाढवण्याला त्यातून पाठबळ मिळू शकते, हे ध्यानात आल्यावर उत्तरायुष्यात त्यांनी ‘अधिकात अधिक लोकांचे’ हे शब्द गाळून फक्त ‘अधिकात अधिक सुख’ असे म्हणायला सुरुवात केली. तरीही लहान लहान सुखे पुरेशा संख्येने जमली तर एखाद्याचे मोठे दुःख झाकले जाऊ शकते, ही शक्यता उरतेच. तिचा विचार प्रश्न ९ मध्ये आहे.

७. हे तर आपल्याकडे आधीच होते: ‘बहुजनहिताय बहुजनसुखाय’. मग बेंथमने नवे काय सांगितले?

शब्द जवळचे असले तरी जागा वेगळी आहे. भगवान बुद्धांनी भिक्खूंना बहुजनांच्या हितासाठी आणि सुखासाठी फिरत राहण्यास सांगितले. तो करुणेतून आलेला आदेश आहे. कोणती कृती योग्य हे ठरवण्याचे एकमेव माप म्हणून तो सांगितलेला नाही, आणि एकाचे नुकसान दुसऱ्याच्या लाभातून वजा करण्याची कल्पनाही त्यात नाही.

आपल्याकडे या मताची परखड चिकित्साही झाली. लोकमान्य टिळकांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात या पाश्चात्त्य मताची दखल घेऊन, नुसत्या बाह्य परिणामांच्या मोजणीने नीती ठरत नाही, कर्त्याची बुद्धी शुद्ध आहे की नाही हे आधी पाहावे लागते, असा आक्षेप घेतला. गांधीजींना तर बहुसंख्यांचे सुख हे ध्येयच अपुरे वाटले, आणि त्याच्या जागी त्यांनी सर्वोदय, म्हणजे सर्वांचा उदय, ही कल्पना ठेवली. टिळकांच्या आक्षेपावर मिल यांच्या बाजूने उत्तर असे देता येते: बुडणाऱ्याला वाचवणारा बक्षिसाच्या आशेने उडी मारो किंवा कर्तव्य म्हणून, वाचवण्याची कृती योग्यच आहे, हेतूवरून आपण कृतीची नव्हे, त्या माणसाची पारख करतो. हे उत्तर मला पटते, परंतु ज्यांना एखाद्याच्या शेजारी आयुष्य काढायचे आहे त्यांना माणसाची पारखही तितकीच महत्त्वाची असते, हेही खरे आहे.

८. दर वेळी हिशेब करायचा की सरळ नियम पाळायचा? नळाला मोटार लावण्याचे उदाहरण तुम्ही नेहमी देता, ते पुन्हा सांगाल का?

आपल्या शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येते आणि पुष्कळदा अवेळी येते. एका बोळात चाळीस घरे आहेत असे धरा. पहिल्या काही घरांपैकी एक गृहस्थ नळाला थेट मोटार लावतात. त्यांचा युक्तिवाद असा: माझ्या मोटारीने दोन घागरी जास्त येतात, माझे पिंप भरते, आणि शेवटच्या घराच्या धारेत जो फरक पडतो तो डोळ्यांना दिसणारही नाही, म्हणजे सुख वाढले आणि दुःख कोणालाच झाले नाही. हाच युक्तिवाद आणखी वीस घरे करतात. मग बोळाच्या टोकाला रात्री दोन वाजता कळशी लावून बसलेल्या बाईच्या नळातून फुस्स असा वाऱ्याचा आवाज येतो, दोन-चार थेंब पडतात, आणि तो आवाजही थांबतो. ती नळाला हात लावून तशीच बसून राहते, कारण पाण्याची वेळ अजून संपलेली नसते.

प्रत्येक कृतीचा वेगळा हिशेब करा, असे म्हणणाऱ्यांना कृती-उपयुक्ततावादी म्हणतात. वरच्या गृहस्थांचा युक्तिवाद त्यांच्या नावावर खपतो, पण तो मुळात चुकीच्या गणितावर उभा आहे. डेरेक पार्फिट यांनी १९८४ मध्ये एक उदाहरण दिले होते. वाळवंटात पुष्कळ जखमी माणसे तहानेने तळमळत आहेत आणि आपणही तितकेच लोक असून प्रत्येकाजवळ सुमारे अर्धा लिटर पाणी आहे. सर्वांनी ते पाण्याच्या एका गाडीत ओतले तर ती गाडी जाऊन सर्वांना सारखे पाणी वाटील. माझ्या वाट्याच्या पाण्याने प्रत्येक जखमीला जेमतेम थेंबभर जास्त मिळेल, त्याला ते जाणवणारही नाही. म्हणून मी ओतले नाही तरी चालेल का? पार्फिट यांचे उत्तर असे की एकेका कृतीचा परिणाम जाणवण्याइतका नसला, तरी ती कृती ज्या समूहाचा भाग आहे त्या समूहाच्या परिणामामुळे ती अयोग्य ठरू शकते. आपल्या बोळात हे उदाहरण उलट्या दिशेने घडते, एवढाच फरक.

नियम-उपयुक्ततावादी म्हणतात की जो नियम सर्वांनी पाळल्यास सुख सर्वाधिक होईल तो पाळावा: थेट मोटार लावू नये. येथे विद्यार्थी लगेच विचारतात, ‘सगळ्यांनी मोटार लावलीच आहे, मी एकट्याने नाही लावली तर माझे घर कोरडे राहील, मग?’ प्रश्न रास्त आहे. नियमाला ‘इतर सर्व जण मोडत असतील तर सोडून’ अशी पुस्ती जोडता येते. पण अशा पुस्त्या वाढत गेल्या की नियम पुन्हा दर वेळच्या हिशेबावर येऊन थांबतो, हे डेव्हिड लायन्स यांनी १९६५ मध्ये दाखवून दिले. उलट, नियम मोडण्यातच सर्वांचे भले आहे हे स्पष्ट दिसत असताना केवळ नियम म्हणून तो पाळणे ही नियमाची पूजा झाली, असे जे. जे. सी. स्मार्ट यांचे म्हणणे होते. मला आर. एम. हेअर यांनी १९८१ मध्ये सुचवलेला मार्ग सर्वांत व्यवहार्य वाटतो. त्यांच्या मते रोजच्या जीवनात माणसाने साधे, पक्के नियम अंगी बाणवावेत, कारण घाईत आणि स्वार्थाच्या ओढीत केलेला हिशेब आपल्याच बाजूने झुकतो. नियमांमध्ये संघर्ष आला किंवा नियमच बदलायचा असला तरच शांतपणे परिणामांचा हिशेब करावा.

९. एकाला मारून पाच जण वाचत असतील तर मारायचे का?

फिलिपा फूट यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या ट्रामच्या उदाहरणावरून हा प्रश्न सर्वत्र पोहोचला: सुटलेली ट्राम पाच जणांच्या अंगावर जात आहे, ती वळवली तर एक जण मरेल. बहुतेक लोक वळवावी म्हणतात. पण शल्यविशारदाने एका निरोगी माणसाचे अवयव काढून पाच रुग्णांना वाचवावे का, असे विचारले की तेच लोक ठामपणे नकार देतात, आणि संख्या तर दोन्हीकडे तीच आहे.

उपयुक्ततावाद्यांचे नेहमीचे उत्तर असे की असे एकदा जरी झाले तरी दवाखान्यावरचा विश्वास उडेल, लोक उपचारच टाळतील आणि दुःख वाढेल. म्हणून ते अयोग्यच. उत्तर खरे असले तरी पुरेसे नाही, कारण कोणाला कळणारच नसेल तर काय, हा प्रश्न त्यातून सुटत नाही. जॉन रॉल्स यांनी १९७१ मध्ये दुखणे नेमके ओळखले: एक माणूस उद्याच्या सुखासाठी आजचे दुःख स्वीकारतो ते योग्य असते, कारण दोन्ही त्याचीच असतात, उपयुक्ततावाद हीच रीत पूर्ण समाजाला लावतो आणि माणसे एकमेकांपासून वेगळी आहेत हे विसरतो. या आक्षेपाला समाधानकारक उत्तर मी आजवर वाचलेले नाही. म्हणून माणसाचे काही हक्क बेरजेच्या बाहेर ठेवावेत, असे मी वर्गात सांगतो, आणि असे म्हणताना मी शुद्ध उपयुक्ततावादाच्या एक पाऊल बाहेर जातो, याची मला जाणीव आहे.

१०. उजनीत ज्यांची गावे गेली त्यांच्यावर अन्याय झाला की नाही? उपयुक्ततावाद काय म्हणेल?

हा प्रश्न करमाळ्याकडच्या मुलांकडून हमखास येतो, आणि तो पुस्तकी नाही. भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याची साठवण सुमारे ११७ टीएमसी आहे. त्या पाण्यावर जिल्ह्यातील ऊस उभा राहिला, कारखाने चालले, आणि सोलापूर शहराच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा भाग तेथूनच येतो. उन्हाळ्यात पाणी खूप उतरले की पळसदेवचे जुने दगडी मंदिर वर येते, लोक होडीने ते पाहायला जातात आणि फोटो काढतात. ज्यांचे घर त्या मंदिराच्या आसपास होते त्यांना ते पाहताना काय वाटत असेल, हा भागही हिशेबातलाच आहे.

बेरीज केली तर धरणाच्या बाजूने उत्तर येईल, असे मला वाटते. परंतु लाभ झाला एकांना आणि गाव गेले दुसऱ्यांचे. निकोलस काल्डॉर आणि जॉन हिक्स यांनी १९३९ मध्ये एक कसोटी सुचवली: लाभार्थी नुकसान झालेल्यांची पूर्ण भरपाई करूनही फायद्यात राहू शकत असतील तर तो बदल इष्ट मानावा. प्रकल्पांच्या लाभ-खर्चाच्या हिशेबामागे हीच कसोटी असते. तिच्यातील ‘शकत असतील’ या शब्दांत सारी मेख आहे, कारण भरपाई प्रत्यक्षात दिली नाही तरी कसोटी उत्तीर्ण होते. खऱ्या उपयुक्ततावाद्याला ही सवलत घेता येत नाही. जमीन गेलेल्याला वेळेवर, लाभक्षेत्रात, कसण्याजोगी जमीन मिळाली तर एकूण दुःख कितीतरी कमी होते, आणि त्यासाठी लाभार्थ्यांना लागणारी झीज तुलनेने थोडी असते. म्हणजे पुनर्वसन न करता बांधलेले धरण हा उपलब्ध पर्यायांपैकी सर्वाधिक सुखाचा पर्याय नव्हताच. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी महाराष्ट्राने १९७६ मध्ये कायदा केला, त्यामागचा विचार या दिशेचाच होता. पुनर्वसन अर्धवट राहिले असेल तर, ‘मोठ्या हितासाठी थोड्यांचा त्याग’ असे म्हणून उपयुक्ततावादाचा आधार घेणे हा त्या सिद्धांताचा चुकीचा वापर आहे.

गाव, नदीचा घाट, शेजार यांची भरपाई कोणत्या मापाने करायची, हा प्रश्न तरीही उरतो. त्याला पैशात उत्तर नाही.

११. हा विचार गरिबांच्या बाजूचा की श्रीमंतांच्या?

बहुतेक वेळा गरिबांच्या. पाचशे रुपयांनी विडी कामगार बाईच्या घरी आठवड्याचा किराणा येतो. तेच पाचशे रुपये बंगलेवाल्याच्या खिशात पडले तर त्याला कळतही नाही. वस्तू जसजशी वाढते तसतसे तिच्या पुढच्या भागातून मिळणारे सुख घटते, हा अर्थशास्त्रातील घटत्या सीमान्त उपयोगितेचा नियम आहे, आणि त्यामुळे उपयुक्ततावाद वाटपाकडे झुकतो. पाण्याचेही तसेच आहे: उसाला दिलेल्या जादा पाळीपेक्षा वाळत चाललेल्या ज्वारीला मिळालेले एक पाणी पुष्कळदा अधिक काम करते.

अपवाद रॉबर्ट नोझिक यांनी १९७४ मध्ये कल्पिला: प्रत्येक वस्तूतून इतरांच्या कितीतरी पट सुख मिळवणारा एखादा प्राणी असेल तर सर्व काही त्यालाच द्यावे लागेल. असा प्राणी नाही, हे खरे. पण ‘आम्हाला सवयच तशी आहे, कमीत आमचे भागत नाही’ असे सांगणारी माणसे असतात.

१२. मग आम्ही सगळ्यांनी डॉ. कोटणीसच व्हायचे का? घरच्यांना आणि परक्यांना समान कसे मोजायचे?

द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १९१० मध्ये सोलापुरात झाला. १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून ते गेले, जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत तेथेच राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच वारले. आपण याला थोर त्याग म्हणतो, म्हणजे कर्तव्यापलीकडचे काही मानतो. शुद्ध उपयुक्ततावादात ‘कर्तव्यापलीकडे’ ही जागाच नाही. जे सर्वाधिक हिताचे ते कर्तव्यच. पीटर सिंगर यांनी १९७२ मध्ये लिहिले की उथळ तळ्यात मूल बुडत असताना कपडे भिजतील म्हणून आपण थांबत नाही. मग दूरच्या माणसाला वाचवण्यासाठी तेवढीच झीज लागत असेल तर अंतरामुळे फरक का पडावा? या प्रश्नाने मी अनेकदा अस्वस्थ झालो आहे, आणि विद्यार्थ्यांनीही व्हावे असे मला वाटते.

घरच्यांविषयी विल्यम गॉडविन यांनी १७९३ मध्ये टोकाचे मत मांडले होते: आगीत एक थोर लेखक आणि एक दासी सापडली आणि एकालाच वाचवता येत असेल तर लेखकाला वाचवावे, मग ती दासी आपली आई का असेना. मिल इतके पुढे जात नाहीत. त्यांच्या मते बहुतेक सत्कृत्ये जगासाठी नसतात, जवळच्या माणसांसाठीच असतात, आणि जवळच्यांची गरज आपल्याला अधिक चांगली कळते, म्हणून प्रत्येकाने आपापल्या माणसांकडे पाहिले तर एकूण सुख वाढतेच. मात्र हा आधार घेऊन नोकरभरतीत भाच्याची वर्णी लावता येत नाही.

१३. जनावरांचे दुःख यात मोजतात का? आणि माळढोकाचे काय?

मोजतात, आणि १७८९ पासून मोजतात. जनावरांना विचार करता येतो का किंवा बोलता येते का, हा प्रश्न नसून त्यांना वेदना होतात का, हा प्रश्न आहे, असे बेंथम यांनी एका तळटीपेत लिहिले. सिंगर यांनी १९७५ मध्ये त्यावरच आपला ग्रंथ उभारला. गळीत हंगामात कारखान्याच्या वाटेवर उसाने लादलेली बैलगाडी चढाला लागली की बैलाचे खूर डांबरावर घसरतात, गुडघे टेकतात आणि नाकातील वेसणीला हिसका बसतो. गाडीवानाची मजुरी खेपेवर आणि वजनावर असते, म्हणून तो जास्त भरतो. येथे दोन दुःखे एकमेकांत गुंतलेली आहेत, आणि दोन्ही मोजली तर दोष एकट्या गाडीवानावर टाकता येत नाही.

माळढोकाचा प्रश्न वेगळा आहे. उपयुक्ततावादात सुखदुःख एकेका जिवाचे असते; प्रजातीला स्वतःची वेदना नसते. त्यामुळे नान्नजच्या माळावरचा शेवटचा माळढोक आणि एखादी साधी चिमणी यांच्यात, केवळ वेदनेच्या हिशेबाने, फारसा फरक करता येत नाही. प्रजाती राखावी असे आपल्याला मनापासून वाटते ते वेगळ्या मूल्यामुळे, आणि ते मूल्य येथे पुढच्या पिढ्यांच्या आनंदाच्या आडवाटेनेच आणावे लागते.

१४. लोकांच्या भल्यासाठी अधिकाऱ्याने खरी माहिती लपवली तर चालेल का? मुलाखतीत विचारले होते.

सिजविक यांनी हे नाकारले नाही. उघडपणे करणे अयोग्य ठरेल असे काही गुप्तपणे करणे क्वचित योग्य असू शकते, असा निष्कर्ष त्यांनी मांडला, आणि तो मांडताना हे मत शक्यतो गुप्तच असावे, असेही सुचवले. बर्नार्ड विल्यम्स यांनी अशा विचाराला वसाहतीतील सरकारी बंगल्याचे नाव दिले: वर बसलेले मोजके लोक हिशेब जाणतात आणि खालच्यांनी फक्त नियम पाळायचे. प्रश्न ३ मधील कंपनीची कचेरी येथे आठवावी.

धरणात पाणी थोडे उरले आहे आणि जाहीर केले तर साठेबाजी होईल, असा पेच समजा. लपवल्याने चार दिवस गडबड टळेल, हे मान्य केले पाहिजे. परंतु ज्या घरांना टँकर पोहोचत नाही ती घरे अधिकाऱ्याच्या वहीत बहुधा ‘पोहोचला’ अशीच नोंदलेली असतात, आणि ती नोंद चुकीची आहे हे फक्त त्या घरांनाच ठाऊक असते. वेळापत्रकच गुप्त असेल तर तक्रार कशाबद्दल करायची हेही त्यांना कळणार नाही, आणि अधिकाऱ्याचा हिशेब त्याच्या नकळत चुकत राहील. म्हणून या प्रश्नावर मी सिजविक यांची बाजू घेत नाही. मुलाखतीत, टँकरचे वेळापत्रक आणि उरलेल्या पाण्याचा आकडा दोन्ही वॉर्डाच्या फलकावर लावीन आणि साठेबाजीवर वेगळी कारवाई करीन, असे सांगावे, आणि कारण विचारल्यास ते परिणामांच्या भाषेतच द्यावे.